वायंगणकर डॉक्टरांकडे आईला दाखवले त्याची हकीकत

जामसंडे,
मे महिना सरता सरता

तीर्थस्वरूप भाई,

धाकट्या गुरुदासाचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तरी वाकूनच.) वहिनींनाही सांगावा. तुझे पित्त कसे आहे? तुमच्या इमारतीची लिफ्ट चालू झाली का? इकडे सर्व सुखरूप. आंबा संपत आला, फणसाला कोणी विचारत नाही. शाळेला सुटी असली तरी मास्तरणींना कसले तरी प्रशिक्षण लावले आहे, त्यामुळे आमची सौ. स्वप्ना सकाळी जाते ती संध्याकाळी उगवते आणि दिवसभर घरात आई आणि तिचा हा रिटायर झालेला मुलगा, दोघेच. पत्र बघून दचकू नकोस. हे फोनवर सांगता आले असते, पण फोनवर तू बोलतोस आणि मी ‘हां हां’ करतो, आणि नुसते हां हां करून ही हकीकत सांगून होण्यासारखी नाही.

तर तुझ्या हुकुमाप्रमाणे आईला मनाच्या डॉक्टरांकडे नेले. तिची बहीण, म्हणजे आपली सत्यवती मावशी, थंडीत गेली तेव्हापासून आई बोलत नाही (‘हां’, ‘नाय’ आणि ‘चाय घे’ एवढे सोडून), हे मीच तुला कळवले होते. त्यावर तू म्हणालास की हे डोक्याचे दुखणे आहे, आधी डॉक्टरला दाखव आणि पाऊस लागण्याआधी तिला ठाण्याला माझ्याकडे पाठव. थोरल्याचा शब्द मी खाली पडू देत नाही. त्याच आठवड्यात रिक्षावाला सुदेश सांगत आला, “मालवणात वायंगणकर डॉक्टराचा घर उघडल्यानी. रोज माणसांची रीघ आसता.” हे वायंगणकर म्हणजे तेच मनोविश्लेषणवाले. मुंबईतली मोठमोठी माणसे त्यांच्या कोचावर आडवी पडून रडली म्हणतात. आता तूच सांग, बारा महिने कुलूप असलेले मुंबईकराचे घर आपल्याकडे मे महिन्यात उघडे दिसले तर त्याचा अर्थ काय? धनी आंबे खायला आलेत, दुसरा काय. मीही तोच घेतला, सहा हापूस पिशवीत घातले आणि सकाळच्या एसटीने आईला घेऊन मालवण गाठले.

घर झकास आहे. चिरेबंदी, नवा रंग दिलेला, पडवीत बाके आणि बाकांवर पुण्याकडची माणसे आपली पाळी येण्याची वाट बघत बसलेली. दाराशी टेबल टाकून समीक्षा नावाची मुलगी बसली होती. तिने पैसे घेतले आणि दोन कागद फाडून दिले. मी म्हटले, केसपेपर. ज्येष्ठांना सवलतही दिली, तेव्हा डॉक्टर सज्जन दिसतात असे मी आईच्या कानात सांगितले. आत काचेच्या कपाटात त्यांचा चष्मा, पेन, अडकित्ता, कानटोपी, आणि प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावलेली. माणूस मला आवडला. आपले बाबा टॉर्चवरसुद्धा नाव घालायचे, ते शेजाऱ्याने लांबवू नये म्हणून, आणि इथे तर दिवसभर परक्या माणसांची ये-जा. हापूस मी त्यांच्या लिहिण्याच्या टेबलावर नीट मांडून ठेवले. थोड्या वेळाने एक बाई त्या आंब्यांचा फोटो काढत नवऱ्याला सांगत होत्या की बघा, डॉक्टरांना आपल्या मातीची किती ओढ होती. (‘होती’ असे त्या का म्हणाल्या, याचा मी तेव्हा विचार केला नाही.)

तपासणीची खोली अगदी आत. एक जुना कोच, त्याच्यामागे रिकामी खुर्ची आणि पुढे आडवी जाड दोरी. आईने ती दोरी गोठ्याचे दार उघडावे तशी सहज काढली, चपला बाहेर ठेवल्या आणि आत गेली. तेवढ्यात कुठूनसा भारदस्त आवाज आला, “या. आडवे व्हा. मनात येईल ते बोला. मी मधे बोलणार नाही.” आई कोचावर आडवी झाली, पदर सारखा केला. पेशंटच्या माणसाने बाहेर थांबायचे असते, म्हणून मी दाराआड झालो (कान तेवढे आत ठेवले).

आणि भाई, आपली आई बोलायला लागली.

“माका काय एक झालेला नाय,” ती म्हणाली. “माझी भयण गेली.”

“हं. मग?” आवाज म्हणाला.

मग तिने सांगितले की लहानपणी दोघी ओहोटीला खडकांना चिकटलेल्या शिंपल्यांतली कालवे काढायला जायच्या. एकदा मावशीचा पाय कापला, तेव्हा आई तिला पाठुंगळी मारून घरी घेऊन आली. उशीर झाला म्हणून मार खाल्ला तो आईने, आणि जखमी म्हणून जेवताना पानात कालवांचे तिखले जास्त पडले ते मावशीला. हे सांगताना आई हसली. भाई, कित्येक महिन्यांत मी ते हसणे ऐकले नव्हते. मग हसता हसता रडली, आणि नाक पुसून म्हणाली, “ह्या माका घरात सांगूचा होता. पण थोरलो फोनवर डॉक्टरकी सांगता. आणि धाकट्याकडे सत्यवतीचा नाव काढला काय तो तिच्या बाराव्याक किती पाना झाली ता सांगूक लागता. माझ्या वाटणीचा बोलणा ह्या दोघांनीच बोलान टाकल्यानी. मगे मी गप रवलंय.”

“हं,” आवाज म्हणाला.

एव्हाना पुण्याची सगळी मंडळी दाराशी जमली होती. त्यांना वाटले, हा तिकिटातलाच कार्यक्रम. एकाने टाळी वाजवली, त्याला बाकीच्यांनी दटावले. समीक्षा धावत आली ती दोरी परत लावायला, पण दोरी हातात धरून तशीच उभी राहिली आणि ओढणीने डोळे पुसू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. थोडा रागही आला, कारण बाराव्याच्या जेवणाची पाने मी स्वतः मोजली होती आणि ती माहिती पुढे कोणाच्या तरी उपयोगी पडणारी आहे.

आई बाहेर आल्यावर मी समीक्षाला बाजूला घेऊन विचारले, औषध काय दिले आणि परत कधी आणायचे? ती म्हणाली, “काका, डॉक्टर वारले त्याला अकरा वर्षं झाली. हे संग्रहालय आहे.” मी म्हटले, मग आत ‘हं’ कोण करतो आहे? तर म्हणे ध्वनिमुद्रण. माणूस दारातून आत गेला की आपोआप चालू होते आणि मग थांबून थांबून ‘हं’ करते. आली की नाही पंचाईत! पण भाई, आपण दोघे जिवंत, शिकलेले, आणि आईला बोलते केले ते एका यंत्राने.

परतीच्या एसटीत ती आपणहून बोलू लागली. मावशीचे लग्न कसे ठरले ते सांगत होती. मी तोंडातून शब्द काढला नाही. ते मला किती जड गेले हे तुझ्याशिवाय कोण ओळखणार. पण आचऱ्याचा पूल लागला आणि माझ्याच्याने राहवेना. हा पूल झाला नव्हता तेव्हा आम्ही कसे जायचो, एवढेच सांगायला लागलो. आईने तोंड खिडकीकडे केले. पुढे जामसंड्यापर्यंत खिडकीच.

तेव्हा सांगायचे ते एवढेच की आईला आजार नाही आणि औषध नाही. ठाण्याला न्यायचे की नाही हे तू थोरला म्हणून ठरवशील तसे. तिचे कपडे आणि रक्तदाबाच्या गोळ्या मी बांधून ठेवतो. माझी काही हरकत नाही.

तुझा आज्ञाधारक,
गुरुदास

ता. क. : हरकत आहे. तिला नेऊ नकोस. ती बोलत नसली तरी समोर भाजी निवडत असते आणि मी बोलत असतो, त्यात माझा दिवस जातो. ती गेली तर या घरात मी बोलू कोणाशी? (मांजराशी बोलून बघितले, ते उठून गेले.) गप बसायची सवय करतो आहे. काल संध्याकाळच्या चहाला अख्खा चहा संपेपर्यंत गप बसलो. तर आईने कपाळाला हात लावून ताप आहे का बघितले.

ता. क. दुसरे : पाकीट बंद करण्याआधी पत्र आईला वाचून दाखवले. डॉक्टर वारल्याचा भाग जरा हळू आवाजात वाचला. म्हणाली, “ता माका ठावक होता. भायर फोटोक हार घातलेलो. तो बघूनच आत गेलंय. जितो आसतो तर तेना पण मधी तोंड घातल्यान आसता.” आणि ठाण्याचे विचारले, तर म्हणते, “जातंय म्हणान सांग. थंय सगळी कामार जातत, घर गप आसता. गणपतीक येतलंय. तवसर तुझी जीभ जरा दम खातली.” यावर मी काहीही बोललो नाही. तेव्हा भाई, परतीचे तिकीट आधी काढ. गणपतीच्या गाड्या आरक्षण उघडल्या उघडल्या भरतात, तू पहाटेपासून मोबाइल धरून बस. तिकीट पक्के झाले की मला दाखव, मगच मी आईला गाडीत बसवीन.