पाचवी पट्टी

बुधवार, १४ मार्च
बोटीवरून, दुपारच्या जेवणानंतर

प्रिय बाबा,

नमस्कार. मी मजेत आहे. आईला सांगा, आता बोट लागत नाही, दोन्ही वेळा नीट जेवते.

आज सकाळी मी काम थांबवलं. सुरक्षा अधिकारी म्हणून माझा एकविसावा दिवस, आणि अख्खी बोट थांबली.

पाणबुड्या पोशाख चढवून कडेला बसला होता. त्याची हवेची नळी किती सोडायची याच्या खुणा म्हणजे त्या पिवळ्या पट्ट्या, हे तुम्हाला काय सांगायचं. पाचव्या पट्टीला थांबायचं, म्हणजे दीडशे फूट. बोटीचा पाण्याखालचा फिरता पंखा एकशे साठ फुटांवर. मी म्हटलं, आधी नळी फितीनं मोजू.

मुकादम म्हणाले, "ताई, या पट्ट्या तुमच्या पदवीपेक्षा जुन्या आहेत."

"मग त्यांची परीक्षा घेतलेली बरी."

सगळे हसले, पाणबुड्याही. नळी डेकवर पसरली, फीत लावली. पाचवी पट्टी एकशे बासष्ट फुटांवर निघाली. पाणबुड्यानं हेल्मेट मांडीवरून खाली ठेवलं आणि म्हणाला, "पुन्हा मोजा." तीनदा मोजली. बाबा, तो पंख्यापर्यंत सहज पोहोचला असता. आता तो खाली जेवतोय आणि भाजीला नावं ठेवतोय.

यापुढे प्रत्येक बुडीआधी फितीनंच मोजायचं, असं कप्तानांनी लिहून दिलं. मुकादमांनी स्वतः चहा आणून दिला. कॉलेजात शिकले ते पहिल्यांदा कुणाच्या तरी जिवाला उपयोगी पडलं. हा आनंद खोटा नाही, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

पट्ट्या मीच सोडवल्या. प्रत्येकीखाली लाल दोऱ्याचे तीन वेढे, टोक आत दुमडलेलं. माझ्या शाळेच्या दप्तराचा पट्टा तुम्ही असाच बांधून दिला होतात.

तुम्ही या बोटीवर नळ्यांचं काम बघायचात तेव्हा एकदा फीत तुटली, म्हणून तुम्ही ही आणि दुसरी, दोन्ही नळ्या वावेनं मोजल्या, हात पसरून. घरी येऊन माझ्याकडून खांदे चेपून घेतलेत आणि म्हणालात, "माझी वाव म्हणजे नेमके सहा फूट." आम्हाला खरंच वाटलं. पण दाराच्या चौकटीला कपाळ आपटणाऱ्या उंच माणसाची वाव साडेसहा फुटांची असते, बाबा.

दुसरी नळी काकांची होती.

ते पंख्यात सापडून गेले तेव्हा चौकशीत ठरलं की चूक त्यांचीच, नको तितके पुढे गेले. तीन वर्षं काकू हेच ऐकत आल्यात. ते पुढे गेले नव्हते. पाचव्या पट्टीलाच थांबले होते.

तुम्हाला हे कधी कळलं, मी विचारत नाही. पण त्यानंतर तुम्ही कामावर गेला नाहीत, आणि घरातली मोजायची फीतही दिसेनाशी झाली.

अहवालात एक रकाना आहे, खुणा कोणी केल्या. चहा निवेपर्यंत मी तो कोरा ठेवला. मग भरला. वर तुमचं नाव, खाली तपासणारी म्हणून माझं. आडनाव एकच, म्हणून मुकादमांनी दोनदा वाचलं, आणि सही केली.

हे पत्र आज सामानाच्या बोटीनं निघेल, उद्या तुमच्या हातात पडेल. अहवाल शुक्रवारी कचेरीत पोहोचेल, तिथून काकूंना कळवतील. मध्ये एक संध्याकाळ आहे. काकूंना हे कागदावरून कळू नये. तुम्ही जाऊन या.

शनिवारी मी येते. दार तुम्हीच उघडा.

तुमच्याकडूनच मोजायला शिकलेली,
तुमची मुलगी