संपिगेच्या आडचा पाऊस

चामराजपुरम, म्हैसूर

अप्पा,

तीस वर्षं परसातला पाऊस मोजून तुम्ही सुदीपदादाकडे बंगळूरला गेलात, आणि इकडे आईनं लावलेलं संपिगेचं, म्हणजे सोनचाफ्याचं झाड पर्जन्यमापकावर झुकलं. आता मापकात पाऊस कमी भरतो.

"नोडी, बघा मॅडम, झाड तोडा, नाहीतर मापक हलवा," वेधशाळेचे नरसिंहमूर्ती म्हणाले. हलवला तर तुमची सलग नोंद तुटते.

तुम्ही "तोड" म्हणाल, ठाऊक आहे. आईला ताप आला तरी तुम्ही आधी अंगणातलं तापमान बघणारे! म्हणून विचारतच नाही. हे पत्रही टाकत नाही. मापकच हलवतेय. पावसाची सरासरी पुन्हा जमेल, आई कुठून जमवू?

आल्यावर हवं तेवढं रागवा. खुर्ची संपिगेखालीच टाकीन.

तुमची आगाऊ लेक,
वेदवती