सात बदकं

प्रिय नेरेइडा,

बाबांचं हाड जुळतंय आणि ते शेजारणींवर ओरडायला लागलेत हे वाचलं. म्हणजे आता वाचले. त्यांना मीठ कमी घाल, रडले तरी. इथे न्यूयॉर्कात थंडी काही हलत नाही. तुझी लेक योकास्ता माझ्याकडे मजेत आहे. पुढचा दात पडलाय आणि तो मी गिळला असा तिचा संशय आहे.

शाळेच्या स्वयंपाकघरात मला अकरा वर्षं झाली. सगळी शाळा माझ्या डावापुढून जाते. आधी येतात तिसऱ्या मजल्यावरची, हुशार वर्गाची पोरं. गोरी, थोडी चिनी, आपलं स्पॅनिश बोलणारं एखादंच. ती विचारतात, "यात काय घातलंय? का घातलंय?" डोकं खातात नुसती. मग येतात तळमजल्यावरची, आपली आणि काळी. ताट पुढे, मान खाली, "थँक्यू, बाई." मला वाटायचं, काय गुणी लेकरं. इमारत एकच, पण जिना चढला की दुसरा देश. आणि तो पाचव्या वर्षी परीक्षा देऊन चढायचा, नाहीतर बसा खाली.

योकास्ता चढली नाही असा निकाल आला, तेव्हा तू फोनवर परीक्षेच्या बाईंना घातलेल्या शिव्या मी ऐकल्या. दोन माझ्याही घातल्या. गोऱ्या बाईला आपली पोरगी दिसलीच नाही, असंच मीही म्हणत होते.

मग रविवारी मी तुरीच्या शेंगा सोलत होते आणि ही शेजारी बसून दाणे मोजत होती. एकशे चाळीसपर्यंत गेली. मी म्हटलं, "अगं भवाने, मग परीक्षेत त्या बाईंनी चित्रातली बदकं मोजायला सांगितली तेव्हा तोंडात काय होतं?" तर म्हणते, "मावशी, एवढ्या मोठ्या बाई, आणि त्यांना सात बदकं मोजता येत नव्हती. सारखं मलाच विचारत होत्या. मोठ्यांना लाजवायचं नाही, तूच म्हणालीस ना?"

म्हणाले होते. परीक्षेच्याच सकाळी, तिची वेणी घालताना. हात मांडीवर ठेव, मोठ्यांपुढे शहाणपणा करू नकोस. आईने आपल्याला सांगितलं तसंच, शब्दाला शब्द. पोरगी अर्धा तास मूर्तीसारखी बसली आणि बाईंनी लिहिलं, उत्तर देत नाही.

सोमवारपासून तळमजल्याच्या रांगेत माझा नियम आहे: आधी काहीतरी विचारा, मग भात. रांग जिन्यापर्यंत जाते. मुख्याध्यापिका विचारायला आल्या, काय चाललंय. मी म्हटलं, "बघा, तुम्हीही विचारलंत. घ्या भात."

तर हे फोनवर सांगता आलं नसतं, तू मध्येच ओरडली असतीस. परीक्षा पुन्हा देता येते, पण अर्जावर आईचीच सही लागते. अर्ज सोबत आहे. हे पत्र आणणारी फिओर गुरुवारी परत निघते, तिच्या हाती दे. शुक्रवार शेवटचा दिवस. शिव्या आता मला घाल, पण सही आधी कर. योकास्ताला सगळं समजावलंय. म्हणाली, बरं, जाते. पण आधी त्या बाईंना मोजायला शिकवीन, हळूच, कुणाला कळू न देता.

तुझीच, चुकलेली तरी थोरली,
इडालिया