माळ्यावरून उतरलेली पुस्तकं

नाना,

आज सुताराला परत पाठवलं. मुलाने त्याला बोलावलं होतं. पलंगाखाली, सोफ्यामागे, शिवणयंत्राच्या पायाशी, सगळीकडे पुस्तकंच झाली आहेत, घरात चालायला वाट उरलेली नाही, भिंतीला फळ्या मारून घे असं तो कधीचा सांगतो आहे. सुताराने माप घेता घेता हात डोक्याच्या वर नेला आणि विचारलं, वरची फळी इथे चालेल ना? मी म्हटलं, राहू दे. चहा पाजून त्याला वाटेला लावलं. मुलाला काय कारण सांगायचं ते सुचत नव्हतं, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

आणीबाणी उठली त्या सुमाराची गोष्ट. शनिवारी अर्धी शाळा सुटली की तुम्ही मला घेऊन पोलादपूरच्या स्टँडवर येता आणि आपण एस.टी.ने महाडला जातो. चवदार तळ्यावरून पेठेत शिरलं की ते दुकान. पुढे वह्या, कंपासपेट्या, पंचांगं आणि मागच्या भिंतीला तुमच्या आवडीची पुस्तकं. तुम्ही चपला बाहेर काढून आत जाता. दुसरं कुणी काढत नाही. दुकानदारकाका हसून म्हणतात, गुरुजी, हे काय देऊळ आहे? तुम्ही एक पुस्तक उघडता आणि उभ्याउभ्या वाचत राहता, इतका वेळ की मी ओट्यावर बसून पेंगायला लागते. तुमच्या वडिलांना त्याच पेठेत दुकानाच्या ओट्यावर चढू देत नसत, हे मला फार उशिरा आईकडून कळलं. दर वर्षी सत्याग्रहाच्या दिवशीच्या मेळाव्याला तळ्याकाठी पथाऱ्यांवर पातळ पातळ पुस्तकं मांडलेली असत. तिथूनही तुम्ही पिशवी भरून आणायचात आणि परतीच्या गाडीत ती मांडीवर घेऊन बसायचात. मी उभी असायचे.

आपलं भाड्याचं घर म्हणजे एक खोली, स्वयंपाकघर आणि वर माळा. माळा आईचा होता. पावसाळ्याची बेगमी तिथे राहायची, तांदूळ, सुकट, चुलीची फाटी. पुस्तकं खोलीत मावेनाशी झाली तेव्हा आधी फाटी पडवीत गेली, मग सुकटीचे डबे खाली आले, शेवटी तांदळाची पोती पलंगाखाली. कडुलिंबाचा पाला वाळवून आईच पुस्तकांत घालायची. तरी प्रत्येक पानाला सुकटीचा वास होता. एकदा जेवताना ती तुम्हाला म्हणाली, वासा कुरकुरतोय, जरा वर बघा. तुम्ही मान वर केली नाहीत. म्हणालात, "पावसाळ्यात लाकूड बोलतंच."

हे वाक्य मला अजून ऐकू येतं, नाना. तुमच्याच आवाजात.

त्या दुपारी मी पडवीत होते. पाऊस इतका की समोरचा हमरस्ता दिसत नव्हता. आत आई तांदूळ निवडत होती. आधी एक लांब आवाज आला, कुणी जाड कापड फाडावं तसा, आणि मग धडधड. आत गेले तर आई दिसेना, नुसती पुस्तकं. शेजारची माणसं धावत आली आणि पुस्तकं उचलून अंगणात फेकू लागली. तुम्ही शाळेतून आलात तेव्हा तिला जीपमध्ये घालत होते. तुम्ही अंगणात उभे राहिलात. पुस्तकं भिजत होती, पानं फुगत होती, त्यातलं एकही तुम्ही उचललं नाहीत. जीप निघाली तेव्हा आईनेच तुम्हाला हाक मारली, या ना बसा.

आईचा मोडलेला पाय जोडला गेला, पण ती कायमची लंगडत राहिली. बघायला येणाऱ्या बायकांना ती सांगायची, वासा कुजला होता गो, पुस्तकांचा काय दोष नाय. आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसलेले असायचात. भिजून वाचलेली पुस्तकं तुम्ही वाळवलीत आणि महाडला दुकानात नेऊन दिलीत, विकून टाका म्हणालात. काकांनी ती विकली नाहीत. मागच्या भिंतीला एक फळी रिकामी केली आणि म्हणाले, इथे राहतील, तुम्ही येऊन वाचत जा. पुढची वर्षं तुम्ही शनिवारी एकटेच जात राहिलात. घरी येताना हात रिकामे असत. आई तुमच्या हातांकडे बघायची आणि पाणी आणून द्यायची. पुस्तक हा शब्द आपल्या घरात पुन्हा कुणी काढला नाही.

तुम्ही हे जग सोडलंत तेही वर्गातच, मुलांना धडा वाचून दाखवताना. त्यानंतर उन्हाळ्याच्या शेवटी काका टेम्पोत तुमची पुस्तकं घालून दारात आले. सावित्री नदीचं पाणी पेठेत शिरतं, ह्या वर्षी भरवसा नाही, म्हणाले. मी आईकडे बघितलं. मला वाटलं, ती त्यांना परत पाठवेल. ती भिंतीला धरून उठली, दारापर्यंत आली, टेम्पोत वाकून बराच वेळ बघत राहिली. मग मला म्हणाली, "त्यांना आत घे. बाहेर ओल हाय."

'त्यांना' म्हणजे पुस्तकांना की तुम्हाला, ते मी तिला कधी विचारलं नाही. आता तीही नाही.

महाडच्या दुकानात हल्ली मोबाइल विकतात. तिथून जाताना मी रस्त्याची दुसरी बाजू धरते, कारण एकदा आत, मागच्या भिंतीपाशी, तुम्ही पाठमोरे उभे दिसला होतात. अनवाणी. मी हाक मारली नाही. माझी स्वतःची पुस्तकं मी पुण्या-मुंबईहून आणते, पथाऱ्यांवरून आणते, हावऱ्यासारखी आणते आणि वाचते. तुमची खोलीच्या मध्यावर, जमिनीवर, वेगळी रचलेली आहेत. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, ही वडिलांची, मी सगळी वाचली आहेत.

हे पत्र कुठे जायचं नाही, पाकीटही आणलेलं नाही, म्हणून खरं ते इथेच लिहून ठेवते. नाना, मी त्यातलं एकही उघडलेलं नाही. फडक्याने वरची धूळ पुसते, तेवढंच.