हवा काढलेली गोधडी

॥ श्री ॥

सटाणा,
१४ डिसेंबर २०२५

चि. रत्नास,
आक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

ज्ञानेश कांद्याची गाडी घेऊन पिंपळगावला निघालाय. तिथून पुढे नाशिकला येऊन तो हे पत्र आणि एक गाठोडं तुझ्या हाती देईल. गाठोडं पाहून कपाळाला हात लावू नकोस. आत तुझ्या योगिनीच्या होणाऱ्या बाळासाठी गोधडी आहे. फोनवर मला धड ऐकू येत नाही आणि सूनबाई पूजा मध्ये निरोप सांगून सांगून दमते, म्हणून आपली पत्रंच बरी.

तुझ्या लेकीने सांगितलं म्हणे, की फिनलंडचं सरकारच बाळंतिणीला कपड्यांचं खोकं पाठवतं. सरकारने बाळंतविडा द्यावा! मी गल्लीभर सांगत सुटले, कुणाचा विश्वास बसेना. पण त्या खोक्यात सगळं नवं कोरं असणार. आपल्यात बारशापर्यंत बाळाला नवं कापड लावत नाहीत, वापरून वापरून मऊ झालेलं जुनेरच लागतं. ते कुठलं सरकार देणार?

माझी बोटं आता सुई चालवू देत नाहीत. ही माझ्या हातची शेवटची. ती बाळाच्या अंगाखाली गेली पाहिजे, एवढंच माझं मागणं. तू तिकडे बाळंतपणाला निघालीस, तेव्हा बॅगेत जागा नाही ही सबब मी ऐकणार नाही. तसंही मला ऐकू येत नाहीच.

घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो थंडीत आखडू देऊ नकोस.

तुझी,
आक्का

---

॥ श्री ॥

पंचवटी, नाशिक,
२१ डिसेंबर २०२५

ती. आक्कास,
रत्नाचा शि. सा. न. वि. वि.

गोधडी पोचली. ज्ञानेशने ती खांद्यावरून उतरवली तेव्हा हे म्हणाले, की बाळासाठी पाठवलीय की वरातीसाठी? तुला राग येईल, पण खरं सांगते, नुसत्या गोधडीने अख्खी बॅग भरली. हे झाकणावर बसले तरी चेन लागेना. बॅग म्हणजे काही द्रौपदीची थाळी नव्हे. माझा कोट, डिंकाचे लाडू, सुंठ, कुरडया, बाळाची कुंची, सगळं बाहेरच. शेवटी यांनी तोडगा काढला, की एवढुशा जिवाला एक कोपरा पुष्कळ झाला, तेवढा कापून न्यावा. आक्का, मी कात्री हातात घेतली होती.

तेवढ्यात शेजारची पल्लवी आली. ती दोनदा परदेशी जाऊन आलेली पोरगी. कात्री पाहून ती ओरडलीच. घरी जाऊन जाड प्लॅस्टिकची भलीमोठी पिशवी आणि धूळ ओढायचं मशीन घेऊन आली. गोधडी पिशवीत घालून तिने तोंड बंद केलं आणि पिशवीच्या भोकाला मशीनची नळी लावली. काय सांगू! गादीएवढी फुगलेली गोधडी श्वास सोडत गेली आणि बघता बघता पाटाएवढी चपटी झाली. मी तोंडावर हात ठेवून बघत राहिले. यांनी तर चष्मा पुसून पुन्हा लावला.

पण खरं नवल पुढेच आहे. खिडकीतून संध्याकाळचं ऊन आडवं पिशवीवर पडलं होतं. वरच्या कापडावरच्या तुझ्या सरळ ओळी दबल्या आणि त्यांच्या खालून दुसरीच शिलाई वर उठून आली. चौकोनात चौकोन, त्यात आणखी चौकोन. कोपऱ्यात तीन-तीन टाक्यांची चिमणीची पावलं, एकामागे एक चालत गेलेली. मी एकदम ओरडलेच. पल्लवीला वाटलं पिशवी फुटली.

आक्का, ती पावलं बाईची. आपल्या आईखेरीज असे टाके कोण घालायचं? लहानपणी झोप येईपर्यंत मी त्यांच्यावरून बोट चालवायचे. बाई गेली तेव्हा मी पाच वर्षांची, आणि तिच्या मागोमाग ती गोधडीही दिसेनाशी झाली. तू ती कुणाला तरी देऊन टाकलीस असंच मी समजत आले. तूच मला वाढवलंस, लग्न लावून दिलंस, म्हणून तुला कधी बोलले नाही. पण ते मनातून गेलंही नव्हतं. मी खाली बसून प्लॅस्टिकवरूनच बोट फिरवलं. पावलं मोजत मोजत कोपऱ्यापर्यंत गेले आणि रडू आवरेना.

ही तीच ना? मला लगेच कळव. कात्री मी कपाटात कुलूप लावून ठेवली आहे.

लोभ असावा हे तुला काय सांगायचं, तुझ्याच लोभावर वाढले.

तुझी,
रत्ना

---

॥ श्री ॥

सटाणा,
२६ डिसेंबर २०२५

चि. रत्नास, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग पूजाला मोठ्याने वाचायला लावलं. मला ऐकू यावं म्हणून नव्हे, घराला ऐकू यावं म्हणून.

तीच ती, वेडे. बाई गेली त्या साली गोधडी पार विरली होती. तू तिचा कोपरा तोंडात धरून झोपायचीस. आणखी वर्षभरात चिंध्या उरल्या असत्या. म्हणून मी माझं एक लुगडं फाडून दोन्ही बाजूंनी वर चढवलं. आणि काय झालं? तू ती लाथाडलीस. ही बाईची नाही म्हणून रात्रभर रडलीस. मी सांगत होते की आत बाईचीच आहे, पण पाच वर्षांच्या पोरीला ते कसं पटावं? मीही तेव्हा पंधरा वर्षांची, मलाही रडू आलं. मग मीच ती पांघरायला लागले. वरचं कापड झिजलं की त्यावर दुसरं चढवायचं, असं करत आजपर्यंत आणली.

आत काय आहे ते मला एकटीलाच ठाऊक होतं. माझ्यानंतर कुणाला कळणार नाही याचं वाईटही वाटायचं. आणि आता तू लिहितेस, की हवा निघून गेली आणि बाईचे टाके वर आले! रत्ना, मी पत्र देवापुढे ठेवून दिवा लावला. पल्लवीच्या त्या मशीनला माझ्या वतीने हळदकुंकू वाहा, हसली तर हसू दे.

बाई तुझं बोट धरून त्या पावलांवरून चालवायची तेव्हा काय म्हणायची, आठवतं का? चिमनी जपी गई, तू बी जपी जाय. चिमणी झोपली, आता तूही झोप. एवढं त्या बाळाच्या कानात सांग.

नीट जा. विमानात खिडकीपाशी बस आणि खाली काय काय दिसतं ते मला लिही. लोभ आहे तसाच पुढे ने.

तुझी,
आक्का

---

॥ श्री ॥

टाम्पेरे, फिनलंड,
२ फेब्रुवारी २०२६

ती. आक्कास,
रत्नाचा शि. सा. न. वि. वि.

या पत्राचा फोटो पूजाच्या मोबाईलवर पाठवते आहे. तिच्याकडून अक्षर मोठं करून घे.

मुलगी झाल्याचं तुला कळलंच आहे. योगिनी आणि बाळ दोघी छान आहेत. जावई रोज सकाळी मऊ खिचडी करतात, मला कौतुकाला शब्द पुरत नाहीत. आता माझी फजिती ऐक. पिशवीचा चमत्कार पाहून मला हाव सुटली. पल्लवी नको म्हणत असताना मी कुरडयाही तसल्याच पिशवीत घातल्या. इथे उघडल्या तर रांगोळी! शिवाय वस्तू एवढीशी झाली म्हणजे तिचं वजनही उतरलं, असं मी धरून चालले होते. मुंबईच्या विमानतळावर काट्याने माझे डोळे उघडले. जागा कमी झाली होती, वजन जिथल्या तिथे. काउंटरवरची मुलगी म्हणाली, की काहीतरी काढावं लागेल.

मी लाडवांकडे पाहिलं, मग पिशवीकडे. मग विचारलं, की अंगावरच्या कपड्यांचं वजन करता का? ती नाही म्हणाली. मी तिथेच पिशवीचं तोंड उघडलं. गोधडीने असा काही श्वास घेतला म्हणतेस! हळूहळू फुगत फुगत ती माझ्या हातात उभी राहिली. रांगेतली माणसं बघत राहिली. मी ती खांद्यावरून लपेटून घेतली आणि चालू पडले. ती मुलगी हसली आणि हात जोडले. सगळं आकाश मी गोधडी पांघरून ओलांडलं. खाली ढगांचं नुसतं पांढरं रान होतं, आणि मला एकटं असं वाटलंच नाही.

इथली एक रीत ऐकशील तर घाबरशील. इथे तान्ह्या बाळांना दुपारी घराबाहेर बर्फात झोपवतात, गाडीत गुंडाळून. मी योगिनीशी भांडले. शेवटी माझी अट एकच, की गोधडीशिवाय नाही. घड्या करून ती गाडीत खाली घातली, एक पदर वर घेतला. मी कानात बाईचे शब्द सांगितले. बाळ जे झोपलं, ते उठवेपर्यंत हललं नाही. गालांवर गुलाबी लाली, नाकाचा शेंडा गार आणि मान अगदी उबदार.

मी शेजारी बसून होते. सगळीकडे शांत, बर्फावर ओरखडासुद्धा नव्हता. थोड्या वेळाने पाहिलं, तर गाडीच्या चाकापासून कुंपणापर्यंत तीन-तीन बोटांची पावलं उमटली होती. कुठलासा पक्षी येऊन चालून गेला असणार, मला दिसला नाही. आक्का, तेच टाके. तशीच एकामागे एक, सोबतच्या फोटोत बघ. मी हातमोजा काढून त्यांच्यावरून बोट चालवत गेले. मागे वळून पाहिलं तर बाळ झोपेत हसत होतं.

सगळ्यांना नमस्कार. तुझा लोभ इथवर पोचला, त्याला वजनाची अट नव्हती.

तुझी,
रत्ना

---

॥ श्री ॥

सटाणा,
७ फेब्रुवारी २०२६

चि. रत्नास, अनेक आशीर्वाद. आणि त्या चिमणीला त्याहून जास्त.

पूजाने फोटो मोठा करून दाखवला. बर्फावरची पावलं मी बोट लावून पाहिली. पडद्यावर बोट लागलं की फोटो सरकतो, म्हणून पूजा हसत होती. मग तीही बोट लावून बघू लागली.

गोधडी परत आणू नकोस. ती आता बाळाचीच. वरचं कापड झिजलं की योगिनीने तिची एखादी जुनी साडी चढवावी, तिला टाके मी पत्रातून शिकवीन. आणि ते मशीन पुन्हा लावू नका. बाईला एकदा पाहिलं, पुरे झालं.

इथे थंडी बेताचीच उरली आहे. पूजाने मला दुकानातलं नवं ब्लँकेट आणलंय, छान मऊ आहे. पण इतकी वर्षं गोधडीखाली झोपायची सवय, त्यामुळे अंगावर कुणी नाही असं वाटतं आणि झोप येत नाही. मग मी भिंतीवर बोट चालवते, आणि मनात म्हणते की चिमणी तिकडे झोपली असेल. तेवढ्यात माझाही डोळा लागतो.

लोभ आहेच.

तुझी,
आक्का