तीन दुकानांची चंदी

बुधवार, १९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र परवा मिळालं. स्वेटर अंगाला नीट बसला हे वाचून बरं वाटलं. मी बरी आहे. शाळेचे बत्तीस गणवेश शिवायला आले आहेत, त्यामुळे मान वर करायला फुरसत नाही.

पहिल्याच ओळीत विचारतोस, घोडी कशी आहे. बहीण कशी आहे ते शेवटच्या ओळीत, तेही जागा उरली म्हणून. असो. तुझ्या बाईसाहेब मागच्या खोलीत ऐसपैस राहतात आणि मी त्यांची मोलकरीण.

तू जाताना म्हणालास, चंदीचं एक पोतं आणून टाक, घोडीच्या खाण्याचं महिनाभर बघायला नको. तुला बोलायला काय जातं! आजारी घोडा आणि त्याच्याजवळ बांधलेला प्रत्येक घोडा सरकारी माणसं या साथीपायी उचलून नेऊन मारतायत. अशा दिवसांत कपडे शिवणारी बाई चंदीचं पोतं घेऊन निघाली, तर लोक काय डोळे मिटून बसतील? म्हणून मी तीन दुकानं धरली आहेत. एकाकडून दोन किलो ओट, दुसऱ्याकडून दोन किलो कोंडा, कोपऱ्यावरच्याकडून भरडलेले हरभरे. कापडाच्या पिशवीत, वर अस्तराचा तुकडा.

कोपऱ्यावरचा दुकानदार भारी चौकस. "ताई, एवढा भरडा कुणाला हो?"

म्हटलं, "कोंबड्या पाळल्यात."

"मग अंडी आणा की एकदा!"

झालं. तेव्हापासून दर शनिवारी बाजारातून सहा अंडी विकत घेते आणि घरची म्हणून त्याला नेऊन देते. पठ्ठ्या म्हणतो, घरच्या अंड्यांची चवच वेगळी.

मागच्या खोलीला ओल आहे, म्हणून चंदी माझ्या शिवणाच्या खोलीत ठेवते. पत्र्याचे तीन डबे, तळाशी वर्तमानपत्र, समोर गणवेशांचा गठ्ठा. रोज हात घालून बघते. दमट लागली की चादरीवर पसरून वाळवते. दहाबारा दिवसांची चंदी अशी टिकते.

घोडी हल्ली निम्मी चंदी टाकते. जराशी सर्दी आहे. उरलेलं फेकायचं माझ्या जिवावर येतं. उकिरड्यावर कुणी पाहिलं तर पंचाईत, आणि संपलं की पुन्हा दुकानाची पायरी चढा. म्हणून घमेल्यातलं उरलेलं चाळून, वाळवून परत डब्यात भरते.

जराशी सर्दी नाही, धाकट्या. पाच आठवडे तिच्या एका नाकपुडीतून पिवळं, चिकट वाहतंय. मागच्या पायावर गाठी येऊन फुटल्या आहेत. भर दुपारी, गल्ली झोपलेली असताना तू तिला आणलीस तेव्हा म्हणालास, "ठणठणीत आहे ताई, तुझी शपथ." तिच्या तबेल्यातली बाकीची चार घोडी त्याच आठवड्यात नेली होती, हे मला नंतर दुकानात उभ्याउभ्या कळलं. तुझा इतका राग आला होता! पण घरी आले तर तिने माझ्या खांद्यावर मान टाकली, आणि मी गप्प बसले. गप्प बसायला नको होतं.

शेजारच्या घोडागाडीवाल्या काकांबद्दल लिहायचं मी मघापासून टाळते आहे. आपलं गुपित फक्त त्यांना ठाऊक होतं. गेल्या महिन्यात दुकानं बंद होती तेव्हा त्यांनी भिंतीवरून मला दोन मापं ओट दिले. उसनं लगेच फेडावं, म्हणून मी लगेचच्या सोमवारी माप शिगोशीग भरून परत केलं. त्याच डब्यातून.

बारा दिवसांनी त्यांच्या घोड्याचं नाक वाहू लागलं. तपासून निरोगी असल्याचा कागद मिळालेला घोडा! काका आले आणि म्हणाले, "ताई, मी त्याला कुणाजवळ उभा केला नाही हो. आलं कुठून हे?" मी काजं करत होते. मान खाली घालूनच म्हटलं, "हवेतून येत असेल." हवेतून! माझ्या जिभेला हाड नाही.

घोडा नेला. त्याचं नाक काका उघड्या हातांनी पुसायचे. आता ते अंथरुणावर आहेत, ताप उतरत नाही, आणि डॉक्टर काकूंना आशा देत नाहीत. घोडा न्यायला आलेल्या सरकारी साहेबांनी चारचारदा विचारलं तरी काकांनी माझं नाव घेतलं नाही. काल काकू म्हणाल्या, "ते तापात सुद्धा म्हणतात, ताईला यात ओढू नका." काकांना माझं माप आठवलं असणार, हे तेव्हा मला कळलं. तिकडे चंदी वाईट विकली म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानाला सील ठोकलं आहे.

तरीही मी आणखी एक दिवस काढला, तुझ्यासाठी. आज सकाळी एका गणवेशाची इस्त्री करताना खिशातून चमचाभर कोंडा सांडला. बत्तीसपैकी एकोणीस गणवेश मुलं घालून शाळेत गेली आहेत.

पत्र पेटीत टाकून मी सरळ त्या साहेबांच्या कचेरीत जाणार आहे. सगळं सांगणार, काकांचं आणि गणवेशांचं आधी. डबे आणि चाळणी तशीच ठेवली आहे. घोडीसाठी ते संध्याकाळपर्यंत येतील. मी तिच्याजवळ थांबेन, एकटी पाठवणार नाही. तू मला माफ कर असं म्हणत नाही. मी तुला केलंय की नाही, ते मलाही अजून ठरवता येत नाही.

माझ्या अंगठ्याला सुई टोचली होती तिथे गाठ आली आहे. दुखत नाही.

वाचून झालं की पत्र जाळ. आधी साबणाने हात धू, मग डोळे पूस.

तुझी,
ताई