ओटीवरची आनंदी

आनंदीची तसबीर मला केवढ्याला पडली, ते आधी लिहितो. फोटोवाला सहा रुपये, कोल्हापूरचा रंगारी बावीस, आणि चौकटीपायी तुळसाच्या पाटल्या. पाटल्या मी पुन्हा करून दिल्या. तिने त्या हातात घातल्या नाहीत.

मी गुणाजी बाबू तोरसकर, वय बासष्ट, राहणार जामसंडे, तालुका देवगड, धंदा मंगलोरी कौलांचा. चालताना दम लागतो, पण डोके ठिकाणावर आहे आणि कान त्याहून ठिकाणावर. कोणाच्या भरीला न पडता, स्वखुशीने ही व्यवस्था लिहून ठेवतो.

१. बंदरावर दुसऱ्याची कौले डोक्यावरून वाहून मी हे घर उभे केले. ते माझ्या पश्चात मुलगा रामचंद्र याचे. दुकान व पोस्टातली शिल्लक पत्नी तुळसा हिची.

२. शेजारी भिकाजी याला माझी छत्री द्यावी. नाहीतरी नेलेली परत आणणे त्याच्या जिवावर येते. माझ्या लेकीला, आनंदीला, पुरण्याआधी मी फोटोवाला बोलावला, तेव्हा हाच कुंपणापलीकडून म्हणाला, "गुणाजी, मेल्या चेडवाचो फोटो काढतंस? खुळावलंस काय रे?" खुळावलोच होतो. तरी छत्री त्याची. त्या दिवशी खड्डा त्यानेच खणला.

३. आनंदी चार वर्षांची असताना तापाने गेली. एवढ्या लहानाचे ना दहावे, ना श्राद्ध. जिवंतपणी फोटो काढलेला नव्हता. म्हणून तुळसाच्या मांडीवर ठेवून काढला, आणि रंगाऱ्याकडून मिटलेले डोळे उघडे करून घेतले. तसबीर इतकी हुबेहूब, की तळेऱ्याचे व्याही पहिल्यांदा आले तेव्हा विचारू लागले, "तुमची धाकटी खंय आसा?" असे काम उभ्या जिल्ह्यात नाही.

४. गेल्या गणपतीत रामचंद्र माजघरात सुनेला म्हणाला, "बाबा गेले काय पयलो तो फोटो उतरवया. पावण्यांसमोर ता कित्याक?" रामचंद्रा, मधली भिंत कुडाची आहे. तुळसा आहे तोवर तसबीर ओटीवरून हलवायची नाही. हलवलीस तर घर तिचे. तसबिरीला हार घालायचा नाही. हार गेलेल्यांना घालतात, असे तुळसाचे म्हणणे. दिवेलागणीला ती "आनंदी, घरात ये गो" म्हणते, तेव्हा कोणी हसू नये. तुळसा जाईल तेव्हा तसबीर तिच्याबरोबर जावी.

जामसंडे, ता. १२ फेब्रुवारी १९६१
सही: गुणाजी बाबू तोरसकर
साक्षीदार: काशीराम लक्ष्मण कुबल, शिवा रामा पराडकर

साक्षीदारांसमक्ष पुरवणी: वरील वाचून दाखवल्यावर तुळसा म्हणाली, "हुबेहूब कित्याक लिवलात? खोटा नको." लिहिलेले खोडत नाही, खाली लिहितो. आनंदीचे डोळे घारे होते. तसबिरीत काळे आहेत.